मी कोण, जाणीव कशाची आणि निर्णय कोणाचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यक्तीची ओळख, जाणीव आणि इच्छास्वातंत्र्य यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या विषयात अभ्यासकांचे एकमत फार थोड्या गोष्टींवर आहे. त्यामुळे जेथे प्रयोगांनी काही सिद्ध झाले आहे तेथे ते तसे सांगितले आहे, आणि जेथे केवळ माझे मत आहे तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

हे तीन वेगळे प्रश्न आहेत की एकाच प्रश्नाची तीन रूपे?

तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील बरीचशी चर्चा भरकटते. वीस वर्षांपूर्वी ज्याने कर्ज घेतले तोच माणूस आज ते फेडायला बांधलेला आहे का, हा ओळखीचा प्रश्न आहे. दाढ दुखू लागली की मज्जातंतूंमधून संदेश जातात हे खरे, पण त्या संदेशांबरोबर दुखण्याचा अनुभवही का येतो, हा जाणिवेचा प्रश्न आहे. कर्ज घेण्याचा निर्णय त्या माणसाने घेतला, की परिस्थिती, स्वभाव आणि मेंदूची घडण यांतून तो आपोआप घडून आला, हा इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न आहे. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही.

माझ्या मते या तिन्हींचे गूढही सारख्या खोलीचे नाही. ओळखीचे कोडे, आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे ठरवले की बरेचसे उलगडते. इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न 'आहे की नाही' या स्वरूपात न विचारता 'किती आणि कशाचे' या स्वरूपात विचारला तर हाताळता येतो. जाणिवेचा प्रश्न मात्र आजही खऱ्या अर्थाने अनुत्तरित आहे.

शरीर तेच म्हणून माणूस तोच, एवढे उत्तर का पुरत नाही?

दर सात वर्षांनी शरीरातील सगळ्या पेशी बदलतात असे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. 1950 आणि 1960 च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-14 चे प्रमाण वाढले होते. त्याच्या आधारे पेशींचे वय काढण्याची पद्धत स्वीडनमधील संशोधकांनी 2005 साली मांडली. तिच्यातून असे दिसले की आतड्याच्या किंवा रक्ताच्या पेशी वारंवार बदलत असल्या, तरी मेंदूच्या बाह्यपटलातील चेतापेशी जवळपास आपल्या जन्माइतक्याच जुन्या असतात. म्हणजे शरीराचा एक भाग आयुष्यभर टिकतो. तरीही त्या पेशींमधील रेणू बदलत राहतात आणि त्यांच्यातील जोडण्याही बदलतात. त्यामुळे 'तेच शरीर' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे हा प्रश्न वेताळ पंचविशीच्या एका कथेत फार नेमकेपणाने विचारला आहे. देवीच्या देवळात एका स्त्रीचा पती आणि भाऊ या दोघांनी आपापली मस्तके कापून घेतली. देवी प्रसन्न झाल्यावर त्या स्त्रीने घाईत मस्तके जोडताना अदलाबदल केली. आता तिचा पती कोणता, असे वेताळ विचारतो, आणि ज्याच्या धडावर पतीचे मस्तक आहे तोच पती, कारण मस्तक हे सर्व अवयवांत श्रेष्ठ, असे उत्तर राजा विक्रम देतो. मेंदूविज्ञान जन्माला येण्याच्या कितीतरी आधी दिलेले हे उत्तर आजही बहुतेक लोकांना पटते. पण मस्तकात असे काय आहे की ज्यामुळे ओळख तिकडे जाते, हे राजाने सांगितलेले नाही आणि खरा पेच तेथेच आहे.

मग मस्तकातील स्मृती म्हणजेच आपली ओळख का?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी 1694 साली जवळजवळ हेच उत्तर दिले. भूतकाळातील जे कृत्य माझी जाणीव आज स्वतःचे म्हणून ओळखते ते माझे, असे त्यांचे म्हणणे होते. थॉमस रीड यांनी 1785 साली त्यावर एक आक्षेप घेतला, आणि त्याला अजूनही कोणी सहज बगल देऊ शकलेले नाही. एका मुलाला फळबागेत चोरी केल्याबद्दल फटके बसतात, पुढे तरुण अधिकारी म्हणून तो शत्रूचे निशाण जिंकतो आणि उतारवयात सेनापती होतो. अधिकाऱ्याला बालपणीचे फटके आठवतात. सेनापतीला निशाण आठवते, पण फटके आठवत नाहीत. स्मृती हीच ओळख मानली तर सेनापती हा तो अधिकारी ठरतो, अधिकारी हा तो मुलगा ठरतो, पण सेनापती मात्र तो मुलगा ठरत नाही. ही उघड विसंगती आहे.

यापेक्षाही बोलके उदाहरण प्रत्यक्ष आयुष्यातले आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर 1953 साली, वयाच्या 27 व्या वर्षी, तीव्र अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, व त्यालगतचा भाग बराचसा काढून टाकण्यात आला. त्यानंतर 2008 साली मृत्यू येईपर्यंत नव्या घटनांची टिकाऊ आठवण त्यांना तयार करता आली नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर वर्षानुवर्षे त्यांची तपासणी करत होत्या, पण प्रत्येक भेटीत त्या त्यांना अनोळखीच वाटत. मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला, मात्र आपण हे पूर्वी कधी केले आहे याची त्यांना आठवण नव्हती. हाताला आठवत होते आणि माणसाला आठवत नव्हते, असेच म्हणावे लागते. मात्र त्यांच्या सौम्य, नम्र स्वभावाविषयी, बालपणाच्या त्यांच्या ज्ञानाविषयी आणि 'हा हेन्रीच' या गोष्टीविषयी त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही कधी शंका आली नाही. स्मृतीचा मोठा भाग गेला तरी व्यक्ती उरते, हे या एका आयुष्याने दाखवले.

स्मृतिभ्रंश झालेली आई मला ओळखत नाही. ती माझी तीच आई आहे का?

हा प्रश्न विचारणारे तत्त्वज्ञानाच्या कुतूहलापोटी तो विचारत नाहीत. म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

2015 साली नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाचे वेगवेगळे आजार झालेल्या रुग्णांच्या जवळच्या माणसांना त्यांनी विचारले, की तुमचा माणूस तुम्हाला अजून तोच वाटतो का. स्मृती जितकी जास्त गेली तितका माणूस परका वाटेल, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ओळख हरवल्याची भावना सर्वांत तीव्र होती ती फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या स्मृतिभ्रंशात, म्हणजे ज्यात सुरुवातीला स्मृती तुलनेने शाबूत असते पण सहानुभूती, लाज, संयम, दुसऱ्याची पर्वा हे गुण झिजत जातात, त्या आजारात. अल्झायमरच्या रुग्णांविषयी ही भावना त्याहून कमी होती. नैतिक स्वभाव बदलला की माणूस बदलल्यासारखा वाटतो, आणि केवळ विसरभोळेपणा आला तर तो तसा वाटत नाही, असा या अभ्यासाचा रोख आहे.

शुश्रूषा करणाऱ्या घरांतील अनुभवाशीही हे जुळते. मुलीचे नाव विसरलेली आई ताटातला घास आधी समोरच्याला देऊ करते, तेव्हा घरातल्यांना ती 'तीच' वाटते. तिला शेजाऱ्यांची नावे तोंडपाठ असूनही ती एखाद्याला निर्दयपणे बोलू लागली, तर तीच माणसे 'ही आमची आई नव्हे' असे म्हणतात.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इतरांना माणूस तोच 'वाटणे' आणि तो तोच 'असणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा अभ्यास पहिल्या गोष्टीविषयी सांगतो. माझ्या मते शरीर, जगण्याचा अखंड प्रवाह, सवयी, भावनिक कल, नाती आणि स्मृती असे अनेक धागे मिळून व्यक्तीची ओळख होते, आणि त्यांतला कोणताही एक धागा एकट्याने निर्णायक नसतो. काही तुटले तरी बाकीचे धरून ठेवतात. म्हणून वरील प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'होय, तीच. पण पूर्वीइतकी पूर्ण नव्हे' असे आहे. ओळख अंशाअंशाने असू शकते हे मान्य करण्यात आईचा अपमान नाही. उलट, जे उरले आहे ते नेमके काय आहे हे त्यामुळे पाहता येते.

'मी' हा निव्वळ भ्रम आहे असे बौद्ध विचारवंत म्हणतात. ते बरोबर आहे का?

ते इतके सरळ म्हणत नाहीत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांच्या पाली संवादात राजा विचारतो, की जन्मलेले मूल आणि वाढलेला माणूस एकच की वेगळे? नागसेन रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचे उदाहरण देतो. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे, पण वेगळीही नव्हे, कारण एकीच्या आधाराने दुसरी उद्भवली आहे. म्हणजे बौद्धांनी नाकारली ती कायम टिकणारी, न बदलणारी वस्तू. सातत्य त्यांनी नाकारलेले नाही. स्कॉटलंडचे डेव्हिड ह्यूम यांनी 1739 साली आणि ऑक्सफर्डचे डेरेक पारफिट यांनी 1984 साली, स्वतंत्र वाटांनी, याच्या जवळ जाणारी मते मांडली. पारफिट यांचे म्हणणे असे, की मानसिक सातत्य टिकते का हे महत्त्वाचे आहे, आणि 'तो नेमका मीच का' हा त्यापलीकडचा प्रश्न आपण समजतो तितका महत्त्वाचा नाही.

न्याय दर्शनाने, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय संप्रदायाने, यावर घेतलेला आक्षेप मला आजही बळकट वाटतो. जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तीच मी आता हाताने स्पर्श करतो आहे, असे ज्ञान होते. पाहणारा एक आणि स्पर्श करणारा दुसरा असता, तर 'तीच' हे ज्ञान कोणाला झाले असते? निरनिराळे अनुभव एकत्र जुळवणारे काहीतरी असले पाहिजे, हे नैयायिकांचे म्हणणे नाकारता येत नाही. मात्र ते 'काहीतरी' म्हणजे नित्य आत्माच असला पाहिजे असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण ते काम मेंदूची एखादी प्रक्रियाही करू शकते. पुढील प्रश्नात ती प्रक्रिया बिघडल्यावर काय होते ते दिसेल.

मेंदूचे दोन भाग वेगळे केले तर एका शरीरात दोन व्यक्ती होतात का?

मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्धगोलांना कॉर्पस कॅलोसम नावाचा सुमारे 20 कोटी तंतूंचा पट्टा जोडतो. काही अपस्माराच्या रुग्णांमध्ये झटक्यांचा प्रसार थांबवण्यासाठी हा पट्टा कापण्यात आला. 1960 च्या दशकापासून रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी अशा रुग्णांवर प्रयोग केले, आणि स्पेरी यांना त्यासाठी 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग पुढचा आहे. एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय आणि उजव्या अर्धगोलाला बर्फाने झाकलेले घर दाखवण्यात आले. उजवा हात डावा अर्धगोल चालवतो आणि डावा हात उजवा. मग जुळणारी चित्रे निवडायला सांगितल्यावर उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने बर्फ उपसण्याचे फावडे निवडले. कारण विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाने, ज्याला बर्फाचा पत्ताच नव्हता, क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच. रुग्ण खोटे बोलत नव्हता. आपल्याच कृतीचे कारण ठाऊक नसताना त्याच्या मेंदूने एक सुसंगत कारण रचले होते, आणि ते त्याला मनापासून खरे वाटत होते.

यावरून दोन व्यक्ती निर्माण झाल्या असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा आहे. 2017 साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील याइर पिंटो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांत असे रुग्ण दृष्टिक्षेत्राच्या कोणत्याही बाजूला दिसलेल्या वस्तूची नोंद कोणत्याही हाताने किंवा बोलून देऊ शकले, मात्र दोन बाजूंच्या वस्तूंची एकमेकींशी तुलना त्यांना करता आली नाही. म्हणजे अनुभव विभागला गेला तरी अनुभव घेणारा विभागला गेलाच असे नाही. रोजच्या जगण्यात हे रुग्ण एकच व्यक्ती म्हणून वावरत होते, हेही विसरता कामा नये.

जाणिवेचा प्रश्न एवढा अवघड का मानला जातो?

कारण बाकीच्या प्रश्नांत कार्य समजावून सांगितले की काम संपते, आणि येथे ते संपत नाही. मेंदू तांबडा रंग कसा ओळखतो, त्याला नाव कसे देतो, सिग्नलवर गाडी कशी थांबवतो, हे सगळे तत्त्वतः यंत्रणेच्या भाषेत सांगता येईल. हे सर्व चालू असताना तांबडेपणाचा आतून येणारा अनुभव मुळात का असावा, हे मात्र त्या वर्णनात कोठेच येत नाही. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यास या भागाला 'कठीण समस्या' असे नाव दिले.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरे होती. चार्वाकांच्या मते, ज्या पदार्थांत एकेकटी मादकता नसते त्यांच्या आंबण्यातून जशी मद्याची मादकता उत्पन्न होते, तसे चार महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते. सांख्यांनी उलट बाजू घेतली, पण ती सहसा समजतो तशी नव्हे. सांख्यांच्या मते मन, अहंकार आणि निश्चय करणारी बुद्धी हे सारे जड प्रकृतीचेच भाग आहेत, आणि पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा केवळ साक्षी आहे, तो काहीच करत नाही. विचार करणे, ठरवणे, आठवणे ही सगळी कामे जड बाजूला टाकून केवळ अनुभवणे एवढेच वेगळे ठेवणारी ही मांडणी आजच्या चर्चेच्या विलक्षण जवळ आहे. बुद्धिमत्ता आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने आधीच ओळखले होते.

विज्ञानाने यात काहीच प्रगती केलेली नाही का?

बरीच केली आहे, पण ती कठीण समस्येच्या अलीकडची आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतील सुमारे 69 अब्ज मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. तरीही लहान मेंदूला मोठी इजा झाली तर तोल आणि हालचाल बिघडते, जाणीव मात्र जवळजवळ अबाधित राहते. म्हणजे जाणिवेसाठी पेशींची संख्या पुरत नाही, त्यांची रचना महत्त्वाची असते.

1998 साली मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉख यांनी चामर्स यांच्याशी पैज लावली होती, की 25 वर्षांत जाणिवेची मेंदूतील यंत्रणा स्पष्टपणे सापडेल. जून 2023 मध्ये न्यूयॉर्क येथे कॉख यांनी पैज हरल्याचे मान्य करून चामर्स यांना उत्तम वाइनच्या बाटल्या दिल्या. त्याच सुमारास दोन प्रमुख सिद्धान्तांच्या समर्थकांनी आधी एकत्र बसून भाकिते ठरवून घेतली आणि मग त्यांची चाचणी घेतली, तेव्हा दोन्ही सिद्धान्तांची काही भाकिते चुकली. मला हे अपयश वाटत नाही. आपला सिद्धान्त कशाने खोटा ठरेल हे आधीच लिहून देण्याची तयारी या क्षेत्रात प्रथमच दिसली आहे.

निश्चल पडलेल्या रुग्णाला जाणीव आहे की नाही, हे बाहेरून कळू शकते का?

काही प्रमाणात कळू शकते, आणि याविषयीची माहिती प्रत्येक कुटुंबाला असायला हवी असे मला तळमळीने वाटते. 2006 साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी, अपघातानंतर कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या एका तरुणीला मेंदूच्या स्कॅनमध्ये ठेवून टेनिस खेळत असल्याची आणि नंतर स्वतःच्या घरातून फिरत असल्याची कल्पना करायला सांगितले. तिच्या मेंदूत दोन्ही वेळी निरोगी माणसांसारखीच, एकमेकींपासून वेगळी हालचाल दिसली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील केंद्रांच्या अभ्यासात, बाहेरून सूचनांना काहीही प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचा पुरावा मिळाला. म्हणजे साधारण चारातला एक.

महाराष्ट्राला हा प्रश्न अरुणा शानबाग यांच्यामुळे जवळून माहीत आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर 1973 मध्ये निर्घृण हल्ला झाला आणि 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचे अन्न-उपचार थांबवण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या परिचारिकांना अरुणा यांच्या आवाजांतून आणि चेहऱ्यावरून त्यांची आवड-नावड कळते, असे त्यांचे म्हणणे होते. कोणाला जाणीव आहे हे केवळ यंत्राने ठरत नाही, रोज जवळ असणाऱ्यांचे निरीक्षणही पुरावा असते, हे त्या निकालात मला महत्त्वाचे वाटते.

आपण ठरवण्याआधीच मेंदूने ठरवलेले असते, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे ना?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच प्रयोगाविषयी आहेत. 1983 साली बेंजामिन लिबेट यांनी सहभागी व्यक्तींना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितले आणि घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा ठिपका पाहून, हलवण्याची इच्छा कोणत्या क्षणी जाणवली ते नोंदवायला सांगितले. मेंदूतील पूर्वतयारीचा विद्युतसंकेत हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी सुरू होत होता आणि इच्छा जाणवत होती ती सुमारे 200 मिलिसेकंद आधी. त्यावरून 'मेंदू आधी, तुम्ही नंतर' हे वाक्य जगभर पसरले. स्वतः लिबेट यांनी मात्र इच्छास्वातंत्र्य नाकारले नव्हते. जाणवलेली इच्छा शेवटच्या क्षणी रोखता येते, असे त्यांचे मत होते.

2008 साली बर्लिन-लाइपझिगच्या संशोधकांनी डावे की उजवे बटण दाबले जाईल हे काही सेकंद आधी मेंदूच्या स्कॅनवरून ओळखले. त्या अंदाजाची अचूकता सुमारे 60 टक्के होती, आणि नुसत्या ओली-सुकीने 50 टक्के मिळते. 2012 साली ॲरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की पूर्वतयारीचा संकेत म्हणजे झालेला निर्णय असण्याऐवजी मेंदूतील स्वाभाविक चढउतार मर्यादा ओलांडण्यापूर्वीचा भागही असू शकतो. 2019 साली तर लोकांना बटण कोणतेही दाबा असे सांगण्याऐवजी, कोणत्या संस्थेला खरोखर देणगी मिळावी हे ठरवायला सांगण्यात आले, तेव्हा असा संकेत जवळजवळ दिसलाच नाही. मनगट केव्हा हलवायचे यात विचार करण्यासारखे काहीच नसते. लग्न, नोकरी, मत, माफी यांविषयीच्या निर्णयांना या प्रयोगाचे निष्कर्ष चिकटवणे मला गैर वाटते.

पण सगळेच कारणांनी ठरलेले असेल तर निवड उरते कोठे?

कारणे नसणे म्हणजे स्वातंत्र्य, हे गृहीतच चुकीचे आहे. क्वांटम पातळीवरील यादृच्छिकतेने माझा हात हलला तर तो निर्णय माझा होत नाही, तो अपघात होतो. मला ज्या स्वातंत्र्याची किंमत वाटते ते वेगळे आहे. कारणे समजणे, ती तोलणे, दुसऱ्याने चांगले कारण दिले तर मत बदलणे आणि क्षणिक ओढीला आवर घालणे, ही ती क्षमता आहे. तिला मेंदूतील कारणांची अडचण होत नाही, कारण ती स्वतःच मेंदूची एक शक्ती आहे. झोप, वय, व्यसन, भीती, शिक्षण यांनी ती कमी-जास्त होते, आणि म्हणून तिच्याविषयी अंशांतच बोलावे लागते.

कर्मसिद्धान्त मानला तर इच्छास्वातंत्र्य संपते का?

परंपरेनेच याचे उत्तर 'नाही' असे दिले आहे. बुद्ध आणि महावीर यांचे समकालीन मक्खली गोशाल आणि त्यांचे आजीवक अनुयायी यांनी मात्र पूर्ण नियतिवाद मांडला. प्रयत्नाने काहीच बदलत नाही, असे ते म्हणत. बौद्ध आणि जैन दोघांनीही त्याला कडाडून विरोध केला. चरकसंहितेत आयुष्याचे मान दैव आणि पुरुषकार (स्वतःचा प्रयत्न) या दोन्हींच्या बलाबलावर अवलंबून असते असे म्हटले आहे, आणि ते वैद्यकाच्या दृष्टीने अपरिहार्यच होते, कारण सगळे दैवावर असते तर औषध देण्यात अर्थ उरला नसता. मराठीत लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांचा आहे, असे मानणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

मेंदूतील बिघाडामुळे गुन्हा घडला तर माणूस दोषी का?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका चाळीस वर्षांच्या शिक्षकाची हकीकत 2003 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. पूर्वी तसा काहीही इतिहास नसताना त्याला मुलांविषयी लैंगिक आकर्षण वाटू लागले. तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या खोबणीवर, गाठ सापडली. ती काढल्यावर ओढ थांबली, गाठ पुन्हा वाढल्यावर ओढ परतली आणि दुसऱ्यांदा गाठ काढल्यावर पुन्हा थांबली. त्रासदायक गोष्ट ही, की आपण करतो ते चूक आहे हे त्याला सतत ठाऊक होते. त्याला फक्त आवर घालता येत नव्हता.

आपला कायदा येथे अपुरा पडतो असे माझे स्पष्ट मत आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये, पूर्वीच्या दंडसंहितेच्या कलम 84 प्रमाणेच, मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदेशीर आहे हे कळण्याची क्षमता होती की नाही, एवढेच पाहिले जाते. आवर घालण्याची क्षमता गेली होती का, हा प्रश्न त्यात येत नाही. म्हणजे स्वातंत्र्याच्या दोन अंगांपैकी, समजणे आणि आवरणे यांपैकी, कायदा एकच अंग ओळखतो.

याच्या उलट बाजूने होणारी अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. 1848 साली व्हर्माँटमध्ये लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेलेला रेल्वेचा मुकादम फिनिअस गेज याचा स्वभाव पार बिघडला, असे सांगितले जाते. पण तोच गेज पुढे चिलीमध्ये बरीच वर्षे घोडागाडी हाकण्याचे जबाबदारीचे काम करत होता. इजा झाली म्हणजे माणसाचे सगळे स्वातंत्र्य गेले, आणि ते कायमचे गेले, असे होत नाही.

बोलणाऱ्या संगणक-प्रणालींना जाणीव आहे का?

असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून शिकलेली प्रणाली अनुभवाची भाषा उत्तम बोलणारच, त्यामुळे तिचे बोलणे हा पुरावा म्हणून कमकुवत ठरतो. तत्त्वतः शक्य आहे का, हे जाणिवेचा सिद्धान्त हाती आल्याशिवाय सांगता येणार नाही.

आज मी लिहिलेले इच्छापत्र उद्याच्या बदललेल्या 'मी'ला बांधून ठेवू शकते का?

ओळखीचा प्रश्न सर्वसामान्य माणसाच्या दारात येतो तो येथे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, पुढे निर्णयक्षमता गेल्यास मानसिक आजारात कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लेखी देण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आहे. असाध्य आजारात जीव लांबवणारे उपचार नाकारण्याचे पूर्वनिर्देश सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केले आणि जानेवारी 2023 मध्ये त्यांची पद्धत सोपी केली. आता त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांसमोरील साक्षांकन पुरते.

तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांचे मत असे, की पूर्ण क्षमतेत असताना घेतलेल्या निर्णयाचाच शब्द अखेरचा मानावा, कारण आयुष्याला आकार देण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा होता. विरोधकांचे म्हणणे असे, की समोर बसलेली, सगळे विसरलेली पण सुखात असलेली व्यक्ती हीच आज अस्तित्वात आहे आणि तिचे हित आजचे आहे. ओळख अंशाअंशाने असते हे वर सांगितलेले मत खरे असेल, तर दोन्ही बाजूंना थोडा थोडा अधिकार द्यावा लागतो. वेदनादायक आणि निष्फळ उपचार नाकारण्याबाबत जुन्या शब्दाचे पारडे जड असावे. साध्या, टळणाऱ्या आजारावरील उपचार मात्र, केवळ 'असे जगणे मला तेव्हा नको वाटले असते' म्हणून, आज हसतमुखाने अंगणात बसणाऱ्या माणसाला नाकारू नयेत.

म्हणून असे पत्र लिहिताना फक्त उपचारांची यादी देऊन थांबू नये. पुढे माझी स्मृती गेली तरी मी आनंदी दिसत असेन तर त्या आनंदाला किती वजन द्यावे, आणि पत्रातील शब्द व माझा तेव्हाचा कल यांत विरोध आला तर कोणाच्या निर्णयावर विश्वास ठेवावा, हेही त्यात लिहावे. त्या व्यक्तीशी याबाबत सविस्तर बोलून ठेवावे आणि दर काही वर्षांनी पत्र पुन्हा वाचून त्यावर नव्या तारखेसह सही करावी.